लाल टोपीचा मान

माझे घरमालक एक प्रश्न कुणालाही विचारायचे. बारशाची पार्टी असो, लग्नाचा हॉल असो, नाहीतर आफ्रिकन किराणा दुकानाचं पार्किंग. समोर लाल टोपी घातलेला इग्बो, म्हणजे त्यांच्याच नायजेरियन समाजाचा, पुरुष दिसला की ते त्याच्यापुढे जाऊन उभे राहायचे, हात पाठीमागे बांधायचे आणि गृहपाठ न आणलेल्या मुलाला विचारावं तशा शांत आवाजात विचारायचे, "ही टोपी तुला कुणी दिली?"

बहुतेक जण आधी हसायचे. म्हातारा गंमत करतोय असं त्यांना वाटायचं. मग म्हातारा स्वतः हसत नाहीये हे लक्षात आलं की इकडेतिकडे बघायचे. मॉरिसव्हिलच्या एका हॉलमध्ये एका तरुण इंजिनिअरनं प्रामाणिकपणे सांगितलं होतं, "बायकोनं, अंकल. ऑनलाइन मागवली."

"मग ती तुझ्या बायकोची आहे. तिला परत दे."

तो मुलगा उरलेली संध्याकाळ टोपी मांडीवर घेऊन बसला. केक कापायच्या वेळी त्याच्या बायकोनं ती उचलून पुन्हा त्याच्या डोक्यावर ठेवली आणि आमच्या टेबलाकडे एकदा बघून घेतलं. त्या घरातून आम्हाला परत बोलावणं आलं नाही. अशी बोलावणी एकेक करून कमी होत गेली.

'आम्हाला' म्हणते, कारण त्यांची गाडी मी चालवायचे. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर त्यांनी हायवेवर जाणं सोडलं होतं, आणि मला शनिवारी कुठं जायचं नसायचं. नॉर्थ कॅरोलिनात पीएचडीला आले तेव्हा आधी चार मराठी मुलींबरोबर राहत होते. त्या चांगल्या होत्या, पण सतत बोलायच्या, आणि मी बोलत नाही याचंही बोलायच्या. मला माणसांत बोलणं जमत नाही. कॉन्व्हेंटमध्ये उत्तर येत असतानाही मी कधी हात वर केला नाही. घरी मराठी बोलताना इंग्रजी शब्द आले की चुलत भावंडं हसायची, आणि सरळ इंग्रजीत बोललं की शिष्ट म्हणायची. त्यातून मी एक सोपा मार्ग काढला. कमी बोलायचं आणि कुणाला काही विचारायचं नाही.

घरमालकांकडे खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी भाडं, किचनची वेळ वगैरे काही सांगितलं नाही. दारातच विचारलं, "तू प्रश्न विचारतेस का?"

मी म्हटलं, नाही.

"बरं झालं. दोघांच्या वाटचे मी विचारतो."

ते इथल्या सरकारी शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले होते. बायको वारलेली, एकुलता एक मुलगा जॉर्जियात, अल्फारेटाला. मूळचे नायजेरियाचे. त्यांच्याकडे वडीलधाऱ्याला नावानं हाक मारत नाहीत, आपल्याकडेही मारत नाहीत, तेव्हा मी त्यांना अंकल म्हणायला लागले. त्यांचे लोकही त्यांना तेच म्हणायचे. या देशात तो एक शब्द आम्हा दोघांना सारखाच घरचा होता.

अंकल बाहेर जाताना साधे कपडे घालत नसत. लायब्ररीत पुस्तकं परत करायला, दाताच्या डॉक्टरकडे, मतदानाला, सगळीकडे ते इसिआगू घालून जायचे. म्हणजे गुडघ्यापर्यंत येणारा मखमली अंगरखा, त्यावर सोनेरी सिंहांची तोंडं विणलेली, पुढं सोनेरी बटणं आणि एका बटणातून दुसऱ्यात लोंबणारी साखळी. आपल्याकडे नवरदेवानंही विचार करून घालावा असा हा पोशाख. हा माणूस तो घालून फार्मसीच्या रांगेत उभा असायचा. शनिवारी सकाळी तो अंगरखा उलटा करून, वर सुती पंचा टाकून ते स्वतः इस्त्री करायचे. मखमलीला थेट इस्त्री लावली तर सिंहांची तोंडं चपटी होतात, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, जणू मी ती कधीतरी करणार होते.

गळ्यात पोवळ्यांची माळ, हातात काठी. आणि डोकं उघडं. कायम उघडं.

जानेवारीत इथं कान दुखतील अशी थंडी पडते. अंकल पार्किंगमधून उघड्या डोक्यानं चालायचे, टकलावर बर्फ पडत असायचं. डॉक्टर रागवायचे, मुलानं लोकरीच्या टोप्या पाठवल्या, त्या त्यांनी चर्चच्या पेटीत टाकल्या. ते शाळेत शिकवत असताना, पदवीदान समारंभाला सगळे शिक्षक तो काळा झगा आणि चौकोनी टोपी घालतात. यांनी झगा घातला, टोपी काखेत धरली. मुख्याध्यापिकेनं दरवर्षी विनंती केली म्हणे. हृदयाच्या ऑपरेशनच्या वेळी नर्सनं कागदी टोपी आणली तेव्हाही हुज्जत झाली. शेवटी भूल दिल्यावर तिनं ती हळूच चढवली. शुद्धीवर आल्यावर त्यांनी मला विचारलं, आणि मी खरं ते सांगितलं. त्यांनी टकलावरून हात फिरवला. मग म्हणाले, "बेशुद्ध माणूस काही घालत नसतो. ती धरायची नाही."

त्यांच्या डोक्यावर पहिली टोपी बसणार होती ती लाल टोपी. आणि तिचा मान त्यांना अजून मिळायचा होता.

हे त्यांनी मला किचनच्या टेबलावर, संत्रं सोलता सोलता, भूमितीसारखं पायरी पायरीनं समजावलं होतं. सिंहांचा अंगरखा पूर्वी मानाच्या माणसांचाच होता, आता कुणीही घालतो, त्याबद्दल त्यांचं भांडण नव्हतं. काळ बदलतो. पण लाल टोपी त्यांच्या गावात उपाधी घेतलेल्या माणसाचीच. त्या उपाधीला ओझो म्हणतात. ती गावातच, वडिलांच्या अंगणात घ्यावी लागते, आधी ज्यांनी घेतली आहे अशा वडीलधाऱ्यांच्या हातून. वडिलांचे अंत्यविधी पुरे झालेले असावे लागतात. मोठा भाऊ असेल तर आधी तो, मग धाकटा. टोपीत गरुडाचं पीस खोचतात. त्या दिवशी माणूस स्वतःसाठी एक नवं नाव निवडतो, आणि ते पहिल्यांदा त्या अंगणात मोठ्यानं पुकारलं जातं. त्यानंतर तो माणूस खोटं बोलत नाही. बोलायचंच नाही असा नियम. गावात तंटा झाला तर म्हणूनच त्याला बोलावतात.

"टोपी वरून खाली येते," ते म्हणाले. "मेलेल्यांकडून म्हाताऱ्यांकडे, म्हाताऱ्यांकडून माझ्याकडे. पाण्यासारखी. खालून वर जात नाही."

मी विचारलं नव्हतं तरी त्यांनी सांगितलं की त्यांनी नाव निवडून ठेवलं आहे. अगदी तरुणपणीच. बायकोलाही सांगितलेलं नव्हतं.

अमेरिकेत आल्यावर आधी कागदपत्रांमुळे जाता आलं नाही. वडील गेले तेव्हा हा देश सोडला असता तर परत आत येता आलं नसतं. मग मुलाची शाळा, मग बायकोचं आजारपण. पुढं मोठ्या भावानं गावात वडिलांचे राहिलेले विधी पूर्ण केले, स्वतः टोपी घेतली आणि धाकट्याची तयारी करून ठेवली. गरुडाचं पीससुद्धा त्यानंच सांभाळलं, कारण इथं ते जवळ बाळगणं गुन्हा आहे. दर उन्हाळ्यात अंकल म्हणायचे, या डिसेंबरला. त्यांचे लोक नाताळात गावी जातात. एका वर्षी गावाकडच्या रस्त्यावर माणसं पळवून नेत होते, भावानंच येऊ नको म्हणून कळवलं. त्यानंतरच्या वर्षी हृदयाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी विमानप्रवास बंद केला. काही महिन्यांनी की कायमचा, हे त्यांनी डॉक्टरांना विचारलं नाही. जगाला प्रश्न विचारणाऱ्या माणसानं तो एक प्रश्न विचारला नाही.

भाऊ व्हिडिओ कॉलवर अंगण दाखवायचा. लाल माती, झाडलेली. अंकल म्हणायचे, कॅरोलिनाची मातीही तशीच लाल आहे, नोकरी लागली तेव्हा मी माती बघून हो म्हटलं. पाऊस पडल्यावर ते अंगणात जाऊन बुटाच्या टोकानं ती उकरून बघायचे. मला कोकणातल्या आजोळची माती आठवायची, पण मी बोलायचे नाही.

त्यांच्या बायकोची एक ट्रंक होती. त्यात जॉर्ज होते. जॉर्ज म्हणजे त्यांच्या बायकांचं समारंभाचं वस्त्र, जरीनं भरलेलं, जड. एक कमरेपासून खाली, दुसरं त्यावर दुमडून, असं दोन पदरी नेसतात. मुलीचं लग्न ठरलं की जावयाकडून मुलीच्या आईला जॉर्ज आलाच पाहिजे. तो नाही आला तर लग्न लागलंच नाही असं म्हणणारे लोक आहेत. अंकलनी एक उलगडून त्याची कड मला दाखवली. तिथं इंग्रजीत छापलं होतं, भारतात बनवलेलं.

"तुम्ही विणता आणि आम्ही त्याशिवाय लग्न करू शकत नाही," ते म्हणाले. "आणि तुझ्या लोकांना हे माहीतसुद्धा नाही."

मला खरंच माहीत नव्हतं. साडीपेक्षा जाड, पडद्यापेक्षा मऊ अशा त्या कापडावरून मी हात फिरवला. त्यातला एक जॉर्ज त्यांनी सुनेला दिला होता. सून अमेरिकन, मनानं फार चांगली. तिनं त्याची सोफ्याच्या उशांना कव्हरं शिवली आणि सासरे आले तेव्हा कौतुकानं दाखवली. अंकल तिथं तीन दिवस राहिले, तेवढे दिवस ते त्या सोफ्यावर पाठ न टेकता बसले. तिला काही म्हणाले नाहीत. मला हे सांगताना ते ताठ बसून दाखवत होते.

एकदा मी त्यांना आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीला घेऊन गेले. मी निघाले तेव्हा साडी नेसले होते आणि नथ घातली होती. अंकल दारात उभे राहिले. मला वाटलं छान दिसतेस म्हणतील.

"हे नाकातलं तुला कुणी दिलं?"

नथ दाबून बसवायची होती, माझं नाक टोचलेलं नाही. ती मीच मागवली होती, बारा रंगांतून निवडून. मी नथ चाचपली आणि त्यांना उत्तर समजलं. ते म्हणाले, "चल, उशीर होतोय." इतर कुणाला सोडायचे नाहीत, मला सोडलं. मला ते जास्त लागलं. आजीची खरी नथ बँकेच्या लॉकरमध्ये आहे, तिच्यामागं कुणाला द्यायची यावरून आई आणि मामी एकमेकींशी बोलत नाहीत.

हॉलच्या दारातच एक काका पाहुण्यांना फेटे बांधत होते. घरं विकणारा एजंट, जो कार्यक्रमाचा स्पॉन्सर होता, तो फेटा बांधून फोटो काढून घेत होता. काकांनी सिंहांचा अंगरखा बघितला आणि खूश झाले. "या या, वेलकम, वेलकम. अगं, त्यांना सांग, मान आहे हा. गेल्या वर्षी मेयरना बांधला होता." आणि केशरी कापडाचा पीळ घेऊन ते अंकलच्या डोक्याकडे निघाले.

अंकल एक पाऊल मागं सरकले. काका एक पाऊल पुढं आले. असं करत दोघं चपलांच्या रॅकपर्यंत गेले. मागं रांग खोळंबली होती.

मी म्हटलं, "काका, त्यांना नको."

"लाजतायत ते. दोन मिनिटांत होतं, यार, सगळे आधी नाहीच म्हणतात."

"काका, नको म्हटलं ना." माझा आवाज मलाच मोठा वाटला. रांगेतल्या एक काकू दुसरीला म्हणाल्या, हिला बोलता येतं होय.

अंकलनी तेवढ्यात काकांच्या डोक्यावरच्या फेट्याकडे बघून आपला प्रश्न विचारलाच. काका अभिमानानं म्हणाले, "कुणी दिला नाही, सेल्फ-टॉट. व्हिडिओ बघून शिकलो. तुम्हाला लिंक पाठवू?"

परतताना गाडीत मला वाटलं ते काहीतरी टोचून बोलतील. ते फक्त म्हणाले, "मला वाटायचं हे फक्त आमच्याकडंच झालंय."

एका वसंतात त्यांचा भाऊ गेला. बातमी पुतण्यानं कळवली. पुतण्या लागोसला असतो, गावात राहत नाही. त्यानंतर त्या अंगणात कुणी उरलं नाही. अंकलनी पिसाची चौकशी केली. पुतण्याला कुठलं पीस ते समजलंच नाही.

त्या उन्हाळ्यात 'या डिसेंबरला' हे शब्द मी ऐकले नाहीत.

शरद ऋतूत त्यांच्या मुलाचा मला फोन आला. मुलगा म्हणजे चाळिशीचा माणूस, बोलायला गोड. इग्बो भाषा त्याला येत नाही, समजतही नाही. म्हणाला, अल्फारेटाजवळ एका हॉटेलात त्यांच्या लोकांच्या संघटनेचा वार्षिक समारंभ आहे, आणि त्यात ते डॅडना चीफ करणार आहेत. मानद उपाधी, लाल टोपी, सगळं. त्यानं सहा महिने खटपट करून अध्यक्षांना राजी केलं होतं. सरप्राइज आहे. मी फक्त त्यांना गाडीनं घेऊन यायचं आणि अंगरखा नीट आहे ना बघायचं.

मी म्हटलं, "मला वाटतं त्यांना आवडणार नाही."

तो हसला. "तू लाजरी आहेस म्हणून तुला तसं वाटतं. ही हॅज वॉन्टेड धिस ऑल हिज लाइफ."

हे खरं होतं. त्यामुळंच मला पुढं बोलता आलं नाही.

अल्फारेटा गाडीनं जवळजवळ सगळा दिवस लांब. अंकल पुढच्या सीटवर, मागं हँगरला अंगरखा, प्लॅस्टिकच्या पिशवीत. साउथ कॅरोलिना ओलांडेपर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होते. शेवटी एका रेस्ट एरियात गाडी लावली, ते चिप्सचं पाकीट घेऊन परत आले, बसले, पट्टा लावला, आणि मी सांगितलं. हॉल, अध्यक्ष, टोपी. हेही सांगितलं की आपण इथूनच मागं वळू शकतो. मी फोन करीन, गाडी बिघडली म्हणून सांगीन.

त्यांनी पाकीट उघडलं. एकही चिप खाल्ली नाही, नुसतं उघडून धरलं.

"त्यानं ऑफिसातून सुटी घेतली असेल," ते म्हणाले.

"हो."

"लहान होता तेव्हा मी त्याच्याशी इंग्रजीच बोललो. शाळेत त्याला मागं पडायला नको म्हणून. माझा निर्णय होता, त्याच्या आईचा नाही." त्यांनी पाकीट मांडीवर घेतलं. "तो ज्या भाषेत देऊ शकतो, त्या भाषेत देतोय."

मी परत विचारलं, वळायचं का. त्यांनी पाकिटाचं तोंड दुमडून, बोटानं दाबून ते दारातल्या कप्प्यात ठेवलं. म्हणाले, "चालव."

हॉटेलच्या हॉलमध्ये निळे दिवे होते. गाणी इतक्या जोरात लागली होती की टेबलावरच्या ग्लासांमधलं पाणी हलत होतं. निम्म्याहून जास्त पुरुषांच्या डोक्यावर लाल टोप्या. त्यातले कित्येक जण मी ओळखले. त्यांनीही अंकलना ओळखलं. ज्याला त्यांनी टोपी बायकोला परत दे म्हटलं होतं, तो इंजिनिअरही होता. मी दाराशी थांबले आणि मला वाटलं, आता हात पाठीमागं बांधतील. त्यांनी काठी दोन्ही हातांनी धरून ठेवली.

अध्यक्ष व्यवसायानं दंतवैद्य होते. त्यांनी माइकवर बरंच बोलून मुलाला स्टेजवर बोलावलं. मुलाच्या हातात ट्रे, त्यावर टोपी. तिला पांढरं पीस लावलेलं, क्राफ्टच्या दुकानात मिळतं तसलं. सगळ्यांचे फोन वर झाले. मुलगा रडत होता. अध्यक्षांनी टोपी उचलली, मग काय वाटलं कुणास ठाऊक, ती मुलाच्याच हातात दिली आणि म्हणाले, तूच ठेव त्यांच्या डोक्यावर. लोकांना ते फार आवडलं.

अंकल मुलापेक्षा उंच. त्यांना वाकावं लागलं.

टोपी मोठी निघाली. कानांवर उतरली. मुलानं ती दोनदा वर सरकवली. मग टोपीवाले एकेक करून आले. त्यांच्यात चामड्याच्या हातपंख्यावर हातपंखा आपटून मानाचा नमस्कार करतात, तो झाला. अंकलच्या हातात कुणीतरी पंखा दिला होता. ते प्रत्येकाच्या पंख्याला पंखा लावत होते, पण आवाज येत नव्हता.

निवेदकानं विचारलं, "चीफ, तुमचं उपाधीचं नाव काय? सगळ्यांना सांगा."

त्यांनी माइक हातात घेतला. मी इतकी घाबरले होते की खुर्चीची कड धरली. ते नाव त्यांच्याजवळ किती वर्षं होतं, हे त्या हॉलमध्ये मला एकटीलाच माहीत होतं.

ते म्हणाले, "माझा मुलगा ठरवेल ते."

मुलानं फोनमध्ये आधीच शोधून ठेवलेलं एक नाव वाचलं. उच्चार चुकला. लोक प्रेमानं हसले, कुणीतरी दुरुस्त केलं, आणि हॉलनं ते ओरडून पुकारलं. लगेच गाणं सुरू झालं.

परतीच्या वाटेवर टोपी त्यांच्या मांडीवर होती. ते जागेच होते. मी एका ठिकाणी चुकीच्या एक्झिटला लागले, तेवढं त्यांनी सांगितलं.

त्यानंतर त्यांनी कुणालाच विचारणं सोडलं. आफ्रिकन दुकानाच्या पार्किंगमध्ये एकदा एक माणूस लाल टोपी घालून, तोंडात टूथपिक धरून आमच्या समोरून गेला. मी अंकलकडे बघितलं. ते भाज्यांची पिशवी या हातातून त्या हातात घेत होते. बोलावणी पुन्हा यायला लागली. चीफ या, चीफ बसा. ते नेहमी प्रकृतीचं कारण सांगायचे. मतदानाला गेले ते स्वेटर घालून. अंगरखा हँगरला तसाच होता, त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि शनिवारी इस्त्रीचं टेबल उघडत नव्हतं.

फेब्रुवारीत ते गेले. झोपेत, असं डॉक्टर म्हणाले. त्यांच्यात माणसाला त्याच्या स्वतःच्या अंगणात पुरतात. पण गावाकडच्या रस्त्यांची स्थिती तीच होती आणि अंगणात घ्यायला कुणी नव्हतं. हायवेच्या कडेच्या सेमेटरीत त्यांना पुरलं. पेटी बंद करण्याआधी तिथल्या माणसानं हळू आवाजात विचारलं, टोपी काढून तुमच्याकडं द्यायची की राहू द्यायची. मुलगा म्हणाला, "राहू दे. ही वॉज अ चीफ." त्याच्या आवाजात इतका अभिमान होता. खणलेली माती लाल होती, ओली. भोवती कितीतरी लाल टोप्या उभ्या होत्या. विचारणारं कुणी नव्हतं. ते निवडलेलं नाव कुठलं हे आता कुणालाच कळणार नाही.

पण मला सारखा आठवतो तो त्याच्या काही दिवस आधीचा रविवार.

रविवारी दुपारी मुलाचा व्हिडिओ कॉल यायचा. अंकल त्याआधी ड्रॉवरमधून टोपी काढायचे, ती खाली उतरू नये म्हणून आत पेपर नॅपकिनची घडी घालायचे, फोन संत्र्यांच्या टोपलीला टेकवून ठेवायचे. "लुकिंग गुड, चीफ," मुलगा म्हणायचा. ते हसायचे, नातवाची चौकशी करायचे. कॉल संपला की टोपी काढून, घडी काढून, तळहातानं सपाट करून परत ड्रॉवरमध्ये ठेवायचे.

त्या रविवारी कॉल संपला आणि त्यांनी टोपी काढली नाही. मी गॅसपाशी चहा करत होते.

"विचार," ते म्हणाले.

मला कळलं नाही, असं दाखवलं.

"तुला माहीत आहे. विचार."

"अंकल, मी नाही विचारत कुणाला."

"म्हणूनच तुला सांगतोय."

मी गॅस बंद केला. टेबलासमोर जाऊन उभी राहिले आणि हात पाठीमागं बांधले, कारण हे कसं करतात ते मी तसंच पाहिलं होतं.

"ही टोपी तुम्हाला कुणी दिली?"

त्यांनी डोळे मिटले. या उत्तरात कुणाकुणाची नावं यायला हवीत ते त्यांनीच मला शिकवलं होतं. आधी वडिलांचं, मग भावाचं, मग गावातल्या एकेका म्हाताऱ्याचं. त्यांचे ओठ हलत होते. मी थांबले. रस्त्यावरून शेजाऱ्यांची गाडी गेली, तिचा आवाज पूर्ण विरून जाईपर्यंत ते तसेच बसले होते.

"माझ्या मुलानं," ते म्हणाले.

आणि डोळे उघडून माझ्याकडे बघत राहिले. यापुढचं वाक्य मला पाठ होतं, त्यांनाही होतं. ते मी म्हणावं म्हणून ते थांबले होते. मी चहा गाळायला वळले. दोन्ही कप भरून परत आले तेव्हा टोपी त्यांच्या डोक्यावरच होती, आणि ती एका बाजूनं कानावर उतरली होती.